हुकूम एकीकडे, काम दुसरीकडे: तारायंत्रापासून मोटारीच्या बॉनेटपर्यंत रिलेचा प्रवास

आज आपण एका काळ्या चौकोनी डबीबद्दल बोलणार आहोत. मुठीत मावते, खाली चार किंवा पाच चपटे पाय असतात, आणि काम करताना 'टक्' असा आवाज येतो. एवढंच तिचं दर्शन. तिचं नाव रिले. मोटारीला जादा दिवे, मोठा हॉर्न, अॅम्प्लिफायर किंवा हवा भरायचा पंप बसवायला गेलात की कुणी तरी सांगतं, "रिले टाकून घ्या." बहुतेक लोक टाकतात, काही जण पैसे वाचवतात, आणि 'का टाकायचा' हे विचारणारे फारच थोडे.

उत्तर मोटारीच्या इतिहासात शोधायला गेलं तर अर्धंच सापडतं. रिले मोटारीपेक्षा पन्नास वर्षांनी मोठा आहे. त्याच्या प्रवासात चार प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी सोडवले. गाडीत चुकीचं वायरिंग करणारा माणूस या चारांपैकी एखादा प्रश्न विसरलेला असतो, असं मला वाटतं. तेव्हा क्रमानं जाऊ.

सुरुवात १८२० पासून. डेन्मार्कमध्ये ओर्स्टेडच्या लक्षात आलं की तारेतून वीज वाहिली की जवळची होकायंत्राची सुई हलते. पाच वर्षांत इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जननं लोखंडाच्या नालेवर तार गुंडाळून विद्युतचुंबक करून दाखवला. वीज सुरू, चुंबक सुरू. वीज बंद, चुंबक बंद. पण स्टर्जनचा चुंबक बॅटरीच्या शेजारीच चालायचा. मध्ये लांब तार घातली की वीज क्षीण व्हायची आणि चुंबक लुळा पडायचा.

इथे जोसेफ हेन्री येतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावी शाळामास्तर होता. त्यानं तारेला वेष्टण घातलं आणि लोखंडाभोवती खूप वेढे जवळजवळ, थरावर थर गुंडाळले. प्रयोग करता करता त्याला दोन प्रकारचे चुंबक सापडले. एक ताकदवान, पण त्याला भरपूर करंट लागतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. दुसरा अशक्त, पण बारीक तारेच्या अनेक वेढ्यांमुळे लांबून आलेल्या किरकोळ करंटवरही जागा होणारा. १८३१ मध्ये त्यानं शाळेच्या खोलीत मैलभराहून जास्त तार फिरवून तिच्या टोकाला घंटा वाजवून दाखवली.

पुढे तो प्रिन्स्टनला प्राध्यापक झाला आणि तिथे १८३५ च्या सुमाराला त्यानं हे दोन चुंबक एकमेकांना जोडले. कसे? लांबून येणारा किरकोळ करंट अशक्त चुंबकाला जागं करी. तो फक्त एक छोटी पट्टी हलवी. ती पट्टी दुसऱ्या, ताकदवान चुंबकाच्या बॅटरीचा जोड उघडे किंवा मिटे. मग तो थोरला चुंबक भलं मोठं वजन उचलून धरी किंवा धाडकन सोडून देई. मंडळी, रिले म्हणजे एवढंच. हुकूम एका तारेतून येतो, काम दुसऱ्या तारेतून होतं, आणि या दोन तारांत विजेचा एक थेंबही इकडून तिकडे जात नाही. हा पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर. हेन्रीनं त्याचं पेटंट घेतलं नाही. सॅम्युअल मोर्सनं ही युक्ती तारायंत्रात वापरली, आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा जवळपास ६५ किलोमीटरचा संदेश गेला.

'रिले' हा शब्दही बघण्यासारखा आहे. मूळ अर्थ, दमलेल्या घोड्यांच्या किंवा शिकारी कुत्र्यांच्या जागी टप्प्यावर तयार ठेवलेली ताजी जोडी. आपल्याकडे याला फार जुना शब्द होता: डाक. ठरावीक अंतरावर माणसं किंवा घोडे बदलत केलेली वाहतूक. आपल्याकडे तारायंत्र आलं ते ओशॉनेसी या डॉक्टरच्या हातून. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर, आणि १८५४ मध्ये मुंबई तारेनं आग्रा-कलकत्त्याशी जोडली गेली. इतक्या लांब पल्ल्यावर मधल्या ठाण्यातले कारकून संदेश उतरवून घेत आणि पुढच्या तारेवर पुन्हा पाठवत. म्हणजे सुरुवातीला रिलेचं काम माणूसच करत होता. डाकेचा घोडा टप्प्यावर थांबतो, थैली मात्र पुढे जाते. रिलेतही तेच होतं. पहिला करंट तिथेच थांबतो, आणि निरोप नव्या बॅटरीच्या जोरावर पुढे जातो.

आता दुसरा प्रश्न. रिले स्वतःच बिघडला तर? याचं उत्तर रेल्वेनं दिलं. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं रुळांच्या सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा घ्यायचा, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असेल तर करंट रुळांतून रिलेपर्यंत पोचतो, रिले पट्टी धरून ठेवतो, सिग्नल हिरवा. गाडी आली की चाकं आणि आस करंटला जवळचा रस्ता देतात, रिले उपाशी राहतो, पट्टी सुटते, सिग्नल लाल. पण त्याची खरी हुशारी पुढे आहे. बॅटरी उतरली, तार तुटली, रूळच तडकला, तरी काय होणार? पट्टी सुटणार आणि सिग्नल लालच होणार. यंत्र कधी तरी बिघडणार हे रॉबिन्सननं गृहीत धरलं आणि कोणत्या बाजूला बिघडावं हे आधीच ठरवून ठेवलं. आपल्या रेल्वे स्थानकांतली रूट रिले इंटरलॉकिंगची यंत्रणा याच विचारावर उभी राहिली.

आता मोटारीकडे. सुरुवातीच्या मोटारींत वीज जेमतेम ठिणगीपुरती. दिवे कार्बाइडचे, आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीनं विजेचा स्टार्टर, विजेचे दिवे आणि ते चालवणारा डायनॅमो असा पूर्ण संसार थाटून दिला. केटरिंग आधी गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या कंपनीत होता. छोटी मोटर क्षणभरासाठी पेलण्यापलीकडचं काम करू शकते, हे त्याला तिथे कळलं होतं. स्टार्टरला हवं होतं तेच.

पण स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. एवढा करंट डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत आणायचा तर बोटाएवढी जाड तार लागेल. म्हणून जुन्या गाड्यांत पायाखाली जाडजूड बटण असायचं, थेट जाड तारेवर. पुढे सोलेनॉइड आला, म्हणजे रिलेचा थोरला भाऊ. किल्ली फक्त हुकूम देते. स्टार्टरजवळ बसलेला सोलेनॉइड तांब्याची जाड टोकं एकमेकांवर आपटून काम करतो. हेन्रीचंच उत्तर.

त्याच सुमाराला गाडीत एक आणखी रिले आला होता, आणि तो आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिक लोकांना नावानं माहीत आहे: कट-आउट. हा तिसरा प्रश्न. डायनॅमो वेगात फिरतो तेव्हा बॅटरी भरतो. इंजिन मंद झालं की डायनॅमोचे व्होल्ट बॅटरीच्या खाली जातात, आणि जोड तसाच राहिला तर बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होते. रात्रभर गाडी उभी केली की सकाळी खेळ संपला. कट-आउटमध्ये दोन कॉइल असायच्या, एक बारीक तारेची, एक जाड. डायनॅमोचे व्होल्ट पुरेसे झाले की बारीक कॉइल जोड मिटवी. करंट उलटा वाहू लागला की जाड कॉइल तिच्या विरोधात जाई आणि जोड सुटे. ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अॅम्बॅसॅडर झाली, तिच्यात ल्युकसच्या रेग्युलेटरच्या डबीत हाच कट-आउट असे. पुढे अल्टरनेटर आले आणि हे काम डायोडकडे गेलं. पण प्रश्न राहिलाच: गाडी बंद असताना बॅटरीला कोण रिकामी करतंय?

हेडलाइटच्या बाबतीत मात्र गाडी बनवणाऱ्यांनी हेन्रीचं उत्तर बराच काळ बाजूला ठेवलं. कारण साधं होतं: दिवे लहान होते आणि रिले म्हणजे जादा खर्च. जुन्या काळच्या कित्येक गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट बॅटरीपासून निघून डॅशबोर्डपर्यंत, तिथून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून, आणि मग परत नाकापर्यंत जाई. कारखान्यातून आलेल्या दिव्यांपुरतं ते चालून जाई.

मग १९७१ च्या सुमाराला युरोपात एच-४ हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब आला. अप्पर ६० वॉट, डिपर ५५. अप्परचे दोन दिवे म्हणजे १२० वॉट. बारा व्होल्टला दहा अँपिअर. आपल्याकडे हायवेवर रात्री गाडी हाकणाऱ्यांना हाही उजेड कमी वाटायचा. मग बाजारातून १०० वॉटचे बल्ब यायचे. होल्डर तोच, तार तीच, स्विच तोच. दोन दिवे मिळून साडेसोळा-सतरा अँपिअर. आता गणित बघा: जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहाचे सतरा झाले म्हणजे करंट पावणेदोन पट झाला नाही, पण उष्णता मात्र जवळपास तिप्पट झाली. स्विचमधलं प्लास्टिक मऊ होतं, पॉइंट सैल होतात, सैल पॉइंटला अडथळा जास्त, म्हणून उष्णता आणखी जास्त. हे चक्र सुरू झालं की आधी जळका वास येतो, मग दिवे लुकलुकतात, आणि घाटातल्या वळणावर एकदम अंधार होतो. वितळलेलं आवरण पत्र्याला टेकलं तर आग.

यातली शोकांतिका अशी की बऱ्याचदा बल्ब मोठा करायची गरजच नव्हती. समजा सगळी तार, स्विच आणि जोड मिळून फक्त ०.१५ ओहम अडथळा आहे. दहा अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच संपले. दिव्याला बाराऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या साडेतीन घाताच्या आसपास बदलतो. म्हणजे व्होल्ट बारा टक्के घटले, पण उजेड तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. माणूस म्हणतो बल्ब अशक्त आहे. खरं म्हणजे बल्ब उपाशी आहे. त्याला मोठा बल्ब लावला की वाटेतली गळती आणखी वाढते, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो तो वेगळाच.

इथे रिले काय करतो, तर जुन्या वाटेवर फक्त हुकूम ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या रिलेच्या पायांवर आकडे असतात. ते जर्मन प्रमाणातून, डीआयएन ७२५५२ मधून आलेले आहेत, आणि पुण्याच्या नाना पेठेत घ्या नाही तर जगात कुठेही घ्या, बहुधा हेच आकडे दिसतील. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार. ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी. पाचवा पाय असला तर तो ८७-ए, रिले झोपलेला असताना ३० शी जोडलेला. जुनी हेडलाइटची तार ८६ ला द्यायची, ८५ अर्थला. कॉइल ओढते जेमतेम दीड-दोन दशांश अँपिअर. स्विचवरचं ओझं दहा अँपिअरवरून इतकं खाली आलं. आणि बॅटरीपासून फ्यूजमधून ३० ला, ८७ पासून दिव्याला, अशी नवी जाड, आखूड वाट. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार तीन मीटर गेली तरी दहा अँपिअरला दोन दशांश व्होल्टच खाते. साधा ६० वॉटचा बल्ब या वाटेवर काय उजेड देतो ते बघाच.

पण रिले लावला म्हणजे काम सुरक्षित झालं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. उलट बघा: रिलेसाठी आपण बॅटरीपासून एक नवी जाड तार काढली. ती कुठे घासली आणि पत्र्याला टेकली, तर रिले काही करू शकत नाही. आधीचा स्विच निदान वितळून मध्ये पडत होता. आता बॅटरीची पूर्ण ताकद त्या तारेत उतरते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. रिलेजवळ किंवा दिव्याजवळ लावला तर त्याच्या आधीची सगळी तार उघड्यावर राहिली. आणि फ्यूजचा आकडा तारेकडे बघून ठरवायचा, कारण फ्यूज तारेचं रक्षण करतो. वारंवार उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा घातला, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते.

आता रॉबिन्सनचा प्रश्न विचारा: बिघडलं तर काय होईल? हेडलाइटसाठी एकच रिले आणि एकच फ्यूज लावला, आणि तो रात्री गेला, तर दोन्ही दिवे एकदम गेले. म्हणून डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज द्या, जमल्यास वेगळे रिले. खर्च थोडा वाढतो, पण बिघाड झाला तरी एक डोळा शाबूत राहतो. मग कट-आउटचा प्रश्न: गाडी बंद असताना बॅटरी कोण खातंय? अॅम्प्लिफायर, कॅमेरा, चार्जर थेट बॅटरीवर लावले तर ते रात्रभर चरत राहतात. त्यांच्या रिलेची कॉइल किल्लीनंतर जागी होणाऱ्या तारेवर घ्या, म्हणजे जर्मन आकड्यांत १५ वर. किल्ली काढली की रिले झोपला आणि मागचे सगळे झोपले.

राहिला चौथा प्रश्न, आणि तो पुन्हा हेन्रीकडेच नेतो. १८३२ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की लांब तारेचं वेटोळं बॅटरीपासून तोडलं की तोडण्याच्या क्षणी मोठी ठिणगी पडते. वेटोळ्यात साठलेलं चुंबकत्व कोसळताना स्वतःच वीज उसळवतं. यालाच आपण स्वप्रवर्तन म्हणतो, आणि त्याच्या एककाला १८९३ पासून 'हेन्री' असं नाव आहे. रिलेची कॉइल म्हणजे असंच वेटोळं. बंद होताना ती क्षणभर शेकडो व्होल्टचा फटका मागे देऊ शकते. पितळी स्विचला त्याचं फारसं वाटायचं नाही. आजच्या गाडीत मात्र त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला संगणक बसलेला आहे. म्हणून कॉइलला समांतर डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. डायोडवाल्यात ८६ ला धन आणि ८५ ला अर्थ हा क्रम पाळावाच लागतो. उलटं जोडलं की डायोड शॉर्ट होतो.

आणि शेवटचं वळण. १९८६ मध्ये बॉशनं 'कॅन' ही पद्धत जाहीर केली. गाडीतले छोटे संगणक दोन तारांवर एकमेकांना निरोप देऊ लागले. आता अनेक गाड्यांत हेडलाइटचं बटण दिव्याचा करंट तोडत-जोडत नाही, ते फक्त निरोप धाडतं. म्हणजे हेन्रीची कल्पना टोकाला पोचली: हुकूम आणि काम पूर्ण वेगळे झाले. पण यामुळेच जुनी कारागिरी इथे घातक ठरते. काही गाड्यांत संगणक दिव्याला सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करून चालवतो. त्या तारेवर साधा रिले लावला तर तो फडफडतो आणि मरतो. काही गाड्या बल्बचा करंट मोजतात आणि नवी तार दिसली की बिघाड दाखवतात. तिथे मूळ वायरिंग न कापता, कंपनीनं जादा जोडणीसाठी ठेवलेल्या जागेवरून हुकूम घ्यायचा, आणि कामाची वाट बॅटरीपासून वेगळी, फ्यूजसह.

एवढ्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला. गाडीचं काम करणाऱ्यासमोर उभं राहून हे चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. हुकूम आणि काम वेगळं केलंय का? बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल? गाडी बंद असताना काय चालू राहतं? आणि कॉइलचा उलटा फटका कुठे जातो? पाचवी गोष्ट फ्यूजची, ती तर डोळ्यांनीच बघा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: हल्ली एलईडी दिवे कमी करंट घेतात. मग रिलेची गरज राहते का?

उत्तर: वॉट बघा आणि बारानं भागा. वीस-वीस वॉटचे दोन दिवे म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. त्यांच्यासाठी चांगला स्विच आणि योग्य फ्यूज पुरतो. पण छतावर लावायची १८० वॉटची लांब पट्टी पंधरा अँपिअर घेते. तिथे एलईडी आहे म्हणून सूट नाही.

प्रश्न: माझ्या गाडीला आधीच रिले आहे की नाही, आणि वायरिंग ठीक आहे की नाही, हे कसं कळणार?

उत्तर: रिले आहे का ते गाडीच्या पुस्तिकेतल्या फ्यूजबॉक्सच्या चित्रात सापडतं. कंपनीचा असेल तर वर दुसरा लावू नका. वायरिंगसाठी साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू, दहा मिनिटं जाऊ द्या. बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग दिव्याच्या होल्डरवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असेल तर काळजी नको. त्याहून जास्त असेल तर आधी अर्थचा जोड घासून साफ करा, मग पुन्हा मोजा. बऱ्याच वेळा दोष तिथेच निघतो आणि नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही.